रिकाम्या खुर्चीवर पिकलेला हशा

टेलरमास्तर तोंडाचे फटकळ. पस्तीस वर्षं कपडे शिवून डोळे अधू झाले होते, पण ऐतिहासिक मालिकेतल्या राणीच्या चोळीच्या पाठीवरची चेन त्यांना बरोब्बर दिसायची. "त्या काळात चेन कुठली? आणि लढाईवरून आलेल्या सेनापतीच्या डगल्याला कडक इस्त्री!" असं ते टीव्हीवर खेकसायचे. बायको शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली असायची. "गप बसा हो, गोष्ट कळू द्या," म्हणायची. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

मास्तरांचा खरा जीव होता तो लोकांची टोपी उडवणाऱ्या शॉर्ट फिल्मवर. "दहा मिनिटांत खेळ खलास. पण हसता हसता चिमटा बसला पाहिजे!" हे खूळ त्यांनीच भाचीच्या डोक्यात भरवलं. तिने स्वतःची फिल्म करायला घेतली, तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्याचं जाकीट मास्तरांनीच हौसेने शिवून दिलं.

फिल्म दाखवली त्या संध्याकाळी भाचीने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर ते जाकीट घातलेला म्हातारा आला. चष्मा कपाळावर, गळ्यात टेप, टीव्हीवर आरडाओरडा. 'पोरीने बरं पकडलंय मला,' म्हणून मास्तर खुदकन हसले. मग तो म्हातारा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळला. "बघितलंस ना? दागिने खोटे!" म्हणाला आणि उत्तरासाठी थांबला.

सगळं सभागृह खो खो हसलं.

मास्तर जागच्या जागी गार पडले. आपण असं करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भाची अधूनमधून डबा घेऊन यायची, तेव्हा तिने पाहिलं असणार.

"मामा, रागावलात?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"नाही गं. बोट ठेवायला जागा नाही कुठे."

ते खरंच होतं. घरी पोचेपर्यंत त्यांनी फिल्ममध्ये खोट शोधली, एकही सापडली नाही.

त्यानंतर टीव्ही लावला की शेजारच्या खुर्चीकडे मान वळायच्या आत ते स्वतःला आवरायचे. इतके दिवस बायको कशीबशी घरात होती, ती आता खरोखरच गेली. पंधरा दिवसांनी त्यांनी टीव्ही शेजारच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला.

पुढे भाचीचा फोन आला. फिल्मला बक्षीस मिळालं होतं. "नवी गोष्ट लिहिलीय, मामा. वाचून दाखवू? तुमचं मत हवंय."

"दुसऱ्या कुणाला तरी विचार, बाळा," मास्तर म्हणाले, आणि तिचं बोलणं संपायच्या आत त्यांनी फोन ठेवला.