दत्तूभैयांची बोटं

पोस्टमनने कार्ड दारातून आत टाकलं तेव्हा मी दाढी करत होतो. कार्डाचा कोपरा फाटलेला होता. आमच्या ग्वाल्हेरकडे कोपरा फाटलेलं कार्ड आलं की मजकूर वाचायच्या आधीच माणूस मटकन खाली बसतो… मी बसलो. दत्तूभैया गेले होते. जाऊन अकरा दिवस झाले होते, दहावंही उरकलं होतं, आणि मी इथे भोपाळात रोज वेळेवर ऑफिसात जाऊन फायली सरकवत होतो. आधी रागच आला. अरे, एक तार नाही करता आली कुणाला? मग माझं मलाच वाटलं, कोणत्या तोंडाने विचारतोस रे? पाच वर्षांत तू स्वतः किती वेळा गेलास त्यांच्याकडे? दोनदा. तेही उभ्या उभ्या.

त्याला आता दीड महिना झाला. दत्तात्रय मोहिते, पण ग्वाल्हेरच्या आमच्या सगळ्या लष्कर भागात त्यांना दत्तूभैयाच म्हणायचे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून आले; भैया दरबारच्या मोटरखान्यात मेकॅनिक झाले. मी तिथलाच कारकून, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दौलतगंजात आम्ही शेजारी, नोकरीलाही त्यांनीच मला चिकटवलं. संस्थान विलीन झालं तेव्हा आम्ही सगळे हबकलो होतो. भैया मात्र म्हणाले, "फाटकावरची पाटी बदलली वसंता, इंजिन तर तेच आहे ना? मग चल, चहा सांग." मध्यभारताचं सरकार सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला नांदायचं, तेव्हा गाड्यांबरोबर भैयांचीही ये-जा चालायची. तक्रार म्हणून कधी नाही. इंदुराहून येताना माझ्या पोरांसाठी शेव घेऊन येत, आणि निम्मी वाटेत आपणच खाऊन टाकत.

त्यांचा खरा जीव होता तो मोजण्यात. मी कारकुंडा, मला काय कळणार, पण त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पाठच झालं. इंजिनात कॅमशाफ्ट फिरतो, त्याच्यावर टॅपेट बसतात, टॅपेटवर पोलादी दांड्या, म्हणजे पुशरॉड, आणि त्या दांड्या वरचे व्हॉल्व्ह उघडतात. मंत्र्यांच्या दिमतीला जी काळी अमेरिकन गाडी होती तिचे टॅपेट तेलावर चालणारे, आत लहानसा दट्ट्या आणि नरम स्प्रिंग. झिजलेला कॅमशाफ्ट काढून दुसरा ताशून बसवला की त्याचा घेर बारीक होतो, टॅपेट खाली उतरतो आणि जुनी दांडी तोकडी पडते. किती तोकडी? भैयांनी एक जुनी दांडी कापून मध्ये आटे पाडले होते. ती बसवायची, हळूहळू लांबवायची, वरखाली खेळ संपला की थांबायचं. याला ते 'लागली' म्हणत. तिथून पुढे ठरलेला एक फेरा, म्हणजे दट्ट्या हवा तेवढाच दबतो. पण लागली ती घडी बोटांनाच कळते, कारण स्प्रिंग नरम, लागल्यावरही दांडी गुपचूप फिरत राहते. ती घडी हुकली आणि वर तो फेरा दिला, तर गाडी तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि जळतो.

आणि एके दिवशी मी पाहिलं की भैया तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकवून माझ्याशी निवांत बोलताहेत. मी ओरडलो, "भैया, हात!" त्यांनी हाताकडे असं बघितलं की जणू तो दुसऱ्याचाच आहे. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत माझी. वर्ष झालं." एक वर्ष! त्या दिवसापासून सगळे जेवायला गेले की ते मला हाक मारत. आटे ते फिरवायचे, फेरे ते मोजायचे, आणि दांडी धरायची मी. "लागली?" "नाही." "आता?" "लागली." माझ्या शब्दावर ते पोलाद कापत. हसून म्हणायचे, "तुझी बोटं ती माझी बोटं." मला काय मान वाटायचा सांगू!

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्यभारत संपलं, राजधानी भोपाळला. कोण जाणार, कोण घरी बसणार, याच्या याद्या लागू लागल्या. मोटरखान्याचे नवे साहेब भैयांना म्हणाले, "उस्ताद, काली गाडी भोपाल पहुँचा दीजिए, फिर आपका नाम भी पक्का." गाडीचा कॅमशाफ्ट झिजलेला होता. भैयांनी दुसरा ताशून बसवला आणि वहिनींना भांडी बांधायला सांगितलं. "मोटारीशिवाय मी काय करू रे? भाजी निवडू?" असं ते मला म्हणाले, हसत म्हणाले, पण मला माहीत होतं की आत भीती आहे.

दांडी मोजायची त्याच दुपारी आमची यादी लागली. माझं नाव होतं, बढतीसकट, क्वार्टरसकट. हातात दांडी आणि डोक्यात क्वार्टर. भैया आटे फिरवत होते, मी बडबडत होतो. "लागली?" मी म्हटलं, "नाही अजून." आणि तोंडातून शब्द गेला त्याच क्षणी मला कळलं की खेळ तर केव्हाच संपलाय. त्यांनी आणखी फिरवलं. मग मी म्हटलं, "लागली." थांबा, मागे घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण पुन्हा पहिल्यापासून सगळं… आणि मला घरी पळायचं होतं, बायकोला सांगायचं होतं. एवढ्याशाने काय बिघडतं, असं वाटलं. एरवी भैया दुसऱ्या टोकाच्या व्हॉल्व्हवर पुन्हा मोजून बघत. मी म्हटलं, "राहू द्या हो भैया, तेच येणार." त्यांनी ऐकलं. माझं ऐकलं त्यांनी! आणि सोळाच्या सोळा दांड्या त्या मापाने कापल्या.

गाडी ग्वाल्हेरातून निघाली तेव्हा आवाज कसा लोण्यासारखा होता. शिवपुरी ओलांडली, तापली, आणि धडाधड ठोके देत बसली. भोपाळला ट्रकच्या मागे बांधून आणली. साहेबांनी इंजिन उघडायला लावलं. जळलेले व्हॉल्व्ह सगळ्यांसमोर फडक्यावर मांडले. "नाप किसने लिया था, उस्ताद?" मी फाइल घेऊन चार पावलांवर उभा होतो. भैया म्हणाले, "मैंने, साहब." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी… मी फाइल छातीशी धरून उभाच राहिलो. त्याच संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले, कायमचे. इतकी वर्षं मी हेच धरून चाललो होतो की त्यांना सगळं ठाऊक आहे आणि त्यांनी मला पाठीशी घातलं. त्या उपकाराच्या ओझ्यापायीच मी त्यांच्याकडे जायचं टाळलं, अशी मी माझी समजूत घातली होती.

मागच्या आठवड्यात दौलतगंजात गेलो. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "वसंतभाऊजी, यांनी नंतर मोटारीला हात लावला नाही. पाटणकर बाजारातले मोटारवाले यायचे बोलवायला, तर म्हणायचे, 'माझ्या मोजण्याचा भरवसा नाही. वसंताची बोटं पक्की होती, फेरे मोजताना मीच चुकलो.' काहीही मोजायचे आणि मला पुन्हा मोजायला लावायचे. जिना उतरतानाही पायऱ्या मोजायचे आणि खालून ओरडून विचारायचे, चौदाच ना गं? मी वरून म्हणायची, चौदाच, बरोबर आहे. रोज…"

म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला वाचवायचा प्रश्नच नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांची. पाच वर्षं एक माणूस स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास घालवून बसला, आणि मी भोपाळात बढत्या घेत होतो. मी रडलो. वहिनींना सगळं सांगितलं, त्या दुपारचं, यादीचं, क्वार्टरचं, एकही शब्द गाळला नाही. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सांगून काय होणार आता? त्यांना सांगायचं होतं ना, भाऊजी."

मी उठलो, चपला घातल्या. जिना अंधारा, भिंतीला हात लावत उतरलो. खालच्या पायरीवर पोचलो तेव्हा वरून वहिनींचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता तो, पावलं ऐकली आणि सवयीने तोंडातून निघून गेला, "चौदाच हो, बरोबर आहे." मग वर दार लागल्याचा आवाज आला.