शेऱ्याच्या रकान्यातली माणसं

वाचनालयात नोकरी केली म्हटलं की लोक म्हणतात, मजा होती बुवा तुमची, डोक्यावर पंखा आणि शांतता. शांतता होती, खरं आहे. पण इतर कचेऱ्यांत माणसं सतत बोलतात, म्हणून तिथल्या गोष्टी एकमेकींत मिसळून विरून जातात. वाचनालयात कोणी बोलत नाही. गोष्ट घडली की तशीच पडून राहते आणि तिच्यावर दुसरी येऊन बसते. माझ्याकडं अशा बऱ्याच साठल्या आहेत. हसवायच्या असतात त्या मी चारचौघांत सांगतो. या मात्र सहसा सांगत नाही, कारण यांच्यात हसू सुरुवातीलाच येतं, पुढं येत नाही.

सत्तरच्या दशकात नागपूरला सदर भागात ख्रिस्ती पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणारी एक छोटी शाळा होती. वीसबावीस विद्यार्थी. तिच्या वाचनालयात मी सहायक होतो. ग्रंथपाल रत्नमालाबाई, त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. शिपाई दयाराम रोज कन्हानहून यायचा. स्टाफ संपला! पुस्तकं मात्र दोन हजारांच्या वर. ईश्वरविज्ञान, मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास, बायबलवरची भाष्यं, आणि कोणीही न मागितलेली प्रवचनं.

*

आधी आमचं रजिस्टर सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

वाचनालय सुरू करणारा कारकून मोठा काटकसरी. पुस्तकांना एक रजिस्टर आणि सभासदांना दुसरं, ही त्याला उधळपट्टी वाटली. त्यानं एकाच पानावर डावीकडं पुस्तकाचं नाव आणि उजवीकडं सभासदाचं नाव, अशी सोय केली. एक ओळ, एक नंबर, त्यात एक पुस्तक आणि एक माणूस. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेवटी शेऱ्याचा रकाना, तो दोघांत मिळून एकच.

सभासद तीनशेच्या आतच राहिले. त्यापुढच्या ओळींत नुसती पुस्तकं.

कारकून भाविकही होता. फाटलेलं, हरवलेलं पुस्तक ‘रद्द’ झालं असं लिहायला त्याचा हात धजेना. धर्मग्रंथाला रद्द कसं म्हणायचं? तो शेऱ्यात लिहायचा, ‘निवर्तले’. तीच प्रथा पुढं चालू राहिली. आणि आपल्या जुन्या लिखाणाची गंमत अशी की पुस्तकही ‘निवर्तले’ आणि माणूसही ‘निवर्तले’. शब्दाकडं पाहून कळायला मार्ग नाही.

बाई म्हणायच्या, "लोंढे, चूक त्यांची नाही. चूक व्याकरणाची आहे."

*

मी लागलो त्या वर्षी त्रेसष्ट नंबरचं पुस्तक वाळवीनं खाल्लं. मी शेरा मारला, निवर्तले. दोन दिवसांनी निरोप आला की कामठीचे एक जुने पाळक गेले. बाईंनी रजिस्टर काढलं. ओळ त्रेसष्ट.

पाळकसाहेब सत्त्याऐंशीचे होते. त्यात नवल काही नव्हतं. दयाराम मात्र दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता.

"बुढ्याले बी वाळवीच लागली का?" तो म्हणाला.

आम्ही खूप हसलो. मी सगळ्यात जास्त.

*

मग एकशे अठरा. या ओळीतलं पुस्तक पावसात भिजून लगदा झालं आणि बाईंनी स्वतः शेरा मारला. सभासद होता कन्हानचा एक तरुण सुवार्तिक, गावोगाव प्रचार करणारा. त्याच्याकडं आमचं दुसरं एक पुस्तक थकलं होतं म्हणून आम्ही पत्र पाठवलं. पत्र परत आलं. पोस्टमननं वर लिहिलं होतं, ‘या नावाचे इसम येथे राहत नाहीत.’

आठवड्यानं तो स्वतः पुस्तक घेऊन आला. धट्टाकट्टा, पण चेहरा उतरलेला.

"बाई, तो पोस्टमन माह्या घरी रोज पानी पेते," तो म्हणाला. "आता मले म्हनते, तुमी कोन? अन् रविवारी चर्चमधी प्रभुभोजनाची थाळी माह्यासमोरून तशीच पुढं गेली. पाळकसाहेबानं हातही थांबवला नाई."

बाईंनी त्याला बसवलं, चहा दिला. तो गेल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं, पाहिलं आणि मिटलं. तो पुढं कुठल्या खाणीत कामाला लागला असं ऐकलं. मी कन्हानला दोनदा चौकशी केली. ज्याला विचारलं तो म्हणायचा, असा कोणी होता का इथं? दुसऱ्या खेपेला दयाराम सोबत होता. परतीच्या बसमध्ये त्यानं मला त्या ओळीचा नंबर विचारला.

*

आमच्याकडं दर शनिवारी दहाला एक सायकल यायची. मेश्राम गुरुजी, जरीपटक्याच्या शाळेतले मास्तर, सभासद नंबर दोनशे चौदा. ख्रिस्ती नव्हते. छप्पन साली त्यांनी नागपुरात बुद्धाची दीक्षा घेतली होती, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. बौद्ध मास्तर ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचतो म्हणून विद्यार्थ्यांना भारी कुतूहल.

एकानं शेवटी विचारलंच, "गुरुजी, काहून वाचता?"

"तुमच्या पहिल्या लोकायनंही आमच्यासारखा धर्म बदलला होता," गुरुजी म्हणाले. "पहिल्या पिढीनं सोसलं. दुसरीनं सांभाळलं. तिसरीनं काय केलं, ते मले पाह्याचं हाय. आमची तिसरी पिढी आता पाळण्यात हाय."

त्यावर त्यांना लिहायचं होतं, आपल्या लोकांसाठी. अकरा वर्षं ते दर शनिवारी वाचत होते. वहीत टिपण काढायचे नाहीत, सगळं डोक्यात. मी एकदा विचारलं, अजून किती? "आनखी दोन वर्षं. मंग लिवाले बसतो." मला त्या माणसाबद्दल फार आदर होता, आणि थोडा हेवाही. मी पुस्तकांत राहून काही वाचत नव्हतो.

*

मग छपराचं प्रकरण आलं. इमारतीचं छप्पर खचलं, वाचनालयाला एक छोटी खोली मिळणार असं ठरलं. वरून हुकूम आला: ईश्वरविज्ञान आणि मंडळीचा इतिहास शिकायला अत्यावश्यक अशी शंभर पुस्तकं निवडा. बाकीची रद्दीत.

प्राचार्य पवार सर, बाई आणि वाचकांतर्फे मेश्राम गुरुजी अशी समिती बसली. लिहायला मी. पहिले काही दिवस मजेत गेले. पवार सरांना सत्तर भाष्यंच हवी होती. बाई म्हणाल्या, "सर, मुलं पाळक होणार आहेत. वकील नाही."

तोवर दयारामनं ओळींची गोष्ट, पुस्तकाला मारलेला शेरा माणसालाही लागतो ही, बाहेर फोडली होती. झालं! ज्या सभासदांनी दहा वर्षांत पायरी चढली नव्हती, ते आपापल्या ओळीतलं पुस्तक किती अत्यावश्यक आहे हे सांगायला रांगेनं येऊ लागले. एकेचाळीस नंबरचे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळीत मधमाश्या पाळण्याचं पुस्तक होतं.

"ईश्वरविज्ञानाशी याचा काय संबंध?" पवार सरांनी विचारलं.

"बाप्तिस्मा देणारा योहान रानात मध खाऊन राहत होता. मधाशिवाय योहान कळायचा कसा?"

हसू दाबताना माझी पेन्सिल तुटली. पण त्या गृहस्थांच्या कपाळावर घाम होता आणि बाहेर तर डिसेंबर होता.

*

नको असलेली पुस्तकं खोक्यांत भरून व्हरांड्यात ठेवायची होती. तीनशेच्या पुढच्या नंबरांची दयारामनं भराभर नेली. आतल्या नंबरांची चार खोकी तशीच.

"मी नाई हात लावत," तो म्हणाला. "त्यायच्यातून आवाज येते."

"कसला?"

"खाकरल्याचा."

भरदुपारी, दोन वाजता, मी त्याला खोटं पाडायला खोक्याला कान लावला. रविवारी देवळात गीत सुरू व्हायच्या आधी माणसं घसा साफ करतात ना, हळूच, एकमेकांना त्रास होऊ नये अशा बेतानं? तसं. एकानं केलं, मग दुसऱ्यानं. मग सगळे गप्प झाले, सुरुवात कोण करतं याची वाट पाहत असल्यासारखे.

मी उठलो. बाई माझ्याकडं बघत होत्या. "मीही ऐकलंय," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी ठरवलं की आतल्या नंबरांच्या ओळीत शेरा मारायचा नाही. पुस्तकं जातील, रकाना कोरा राहील. पवार सरांना हे पटलं नाही. "ही ख्रिस्ती संस्था आहे की अंगारेधुपाऱ्यांचं दुकान?" पण बाईंपुढं त्यांचं चाललं नाही.

*

नव्व्याण्णव पुस्तकं ठरली. शंभराव्या जागेसाठी दोन उरली. एक होतं मंडळीच्या पहिल्या तीन पिढ्यांचा इतिहास, नंबर दोन हजारांच्या घरातला, ओळीत माणूस नाही. दुसरं प्रवचनांचा दुसरा खंड, पहिला कधीच हरवलेला. नंबर दोनशे चौदा.

बाई झटकन म्हणाल्या, "प्रवचनं ठेवू."

गुरुजींनी चष्मा काढला. "काहून? माह्यासाठी? पुस्तक निवडताना आपला मानूस पाह्यला का मंग सारं संपलं, बाई. हे इतिहासाचं पुस्तक नाई ठेवलं तर ह्या पोरायले काय कळन? इतिहासच ठेवा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अन् लोंढे, शेरा मारा. कोरा ठेवू नका. मी बुद्धाले शरन गेलेला मानूस, मी रजिस्टरले भेत नसतो."

मी बाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पवार सर म्हणाले, "शाबास गुरुजी."

मी लिहिलं. दोनशे चौदापुढं, निवर्तले. गुरुजींनी वाकून शाईवर फुंकर घातली आणि म्हणाले, "झालं. आता चहा पाजा."

*

तीन शनिवार ते आले, काही झालं नाही. मला हायसं वाटलं. चौथ्या शनिवारी दयारामनं त्यांना दारात अडवलं. "कोन पाह्यजे, साहेब?" गुरुजी हसले. मी दयारामवर ओरडलो, तर तो गोंधळून माझ्याकडंच पाहू लागला. रजिस्टर लिहिणारे मी आणि बाई, आम्ही दोघंच त्यांना ओळखत होतो.

पुढच्या शनिवारी ते सायकलवर न बसता तिला हातात धरून चालत आले. खुर्चीत बसून त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव सापडत नव्हतं. हेडमास्तर त्यांना पालक समजून नमस्कार करत होते. "अन् आज सकाळी बायकोनं दार उघडलं. मले म्हने, मास्तर घरी नाईत, बाहेरगावी गेले. तिनं मले पानी देल्लं, लोंढे. पाव्हन्याले देतात तसं, तांब्याखाली ताटली धरून."

त्यांचा आवाज शांत होता. मला मात्र रडू आवरेना.

"खोडता येते का?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये खाडाखोड करता येत नाही, गुरुजी. नियम आहे. शेवटी नवी ओळ घेता येते. पुस्तक पुन्हा दाखल, सभासदही पुन्हा दाखल. पण मग ते नवीन म्हणून धरतात."

"म्हंजे पुस्तक कोरं धरतात?"

"आधी कोणी नेलं, किती वेळा नेलं, ते काही पुढं येत नाही. सभासदाचंही तसंच, आधी काय वाचलं ते येत नाही."

गुरुजींनी हाताच्या बोटांवर हिशेब केला. अकरा वर्षं आणि अकराशे पानं की अकरा हजार, त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, "ती पान्याचा तांब्या देऊन दारातच उभी होती. मी जाईन म्हनून." आणि रजिस्टर स्वतः बाईंपुढं सरकवलं.

बाईंनी खोक्यातून प्रवचनांचा खंड काढला. शेवटच्या पानावर नवी ओळ घेतली. डावीकडं पुस्तक, उजवीकडं ‘मेश्राम, शिक्षक’. शेऱ्याचा रकाना कोरा. गुरुजी सायकलवर बसून गेले. वळणावर त्यांनी घंटी वाजवली.

त्यानंतरच्या शनिवारी दहाला सायकल आली. दयारामनं दारातून हाक दिली, "या गुरुजी!" मी उठून उभा राहिलो. गुरुजी आत आले, नव्या खोलीभर नजर फिरवली, दोन्ही हात जोडले.

"नमस्कार. मी मेश्राम, जरीपटक्याच्या शाळेत मास्तर हाय. घरची म्हनाली, शनिवारी घरी बसून काय करता, सदरले एक वाचनालय हाय तिकडं जा. मले तुमच्या धर्माचा इतिहास वाचाचा हाय. काहीच माहीत नाई. कोनतं पुस्तक आधी घिऊ?"

मी शंभराची यादी काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक नावावर बोट ठेवत ती सावकाश खालपर्यंत वाचली.

"निवडनाऱ्यानं मन लावून निवडली," ते म्हणाले. "मानूस भेटला पाह्यजे तो एकदा."