आबांची आफ्रिका

“ह्याला पाऊस म्हणत्यात व्हय?” असं म्हणून आबा आभाळाकडे बघायचे. जणू आभाळ म्हणजे त्यांच्या हाताखालचा शिपाई, आणि तो बटण न लावता कवायतीला आला आहे. पाऊस बिचारा ओशाळायचा. आमच्या इस्लामपूरकडच्या गावात तो तसाही फार टिकत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला आबा फौजेत लॉरी चालवायचे, तेही आफ्रिकेत. गावातल्या इतर फौजींनी परत येताना ट्रंका आणल्या, कांबळी आणली. आबांनी पाऊस आणला. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचं प्रत्येक वाक्य दुसऱ्याच मुलखात जाऊन संपतं.

“तिकडं पावसाच्या आधी माती लाल भडक. बाया कुदळी घिऊन रानात, गडी छपरावर गवात चढवायला. आन् मग असा कोसळतोय गड्या, की समोरचा माणूस दिसत न्हाई!”

त्या पहिल्याच सरीत आबांची लॉरी आसापर्यंत रुतली आणि मागचा पूल वाहून गेला. लॉरीत पेट्रोलचे डबे होते. पेट्रोल मुबलक, पण ते पिता येत नाही. वर अंगात ताप. जवळच्या खेड्यातल्या एका म्हातारीने त्यांना आपल्या गोल झोपडीत नेऊन निजवलं. पाऊस सुरू होतो तेव्हाच तिकडे कणग्या रिकाम्या असतात. तिच्याही घरात दाणा नव्हता. पण पाऊस पडला की वारुळांतून वाळवीची पाखरं उडतात. ती धरायची, पंख झाडायचे, खापरीवर भाजायची. “पैली मूठ मला दिली रं तिनं. सख्ख्या नातवाला मागनं. चव म्हणशील तर भुईमुगावाणी.”

बोकडाची आतडी चाटूनपुसून खाणारं आमचं गाव हे ऐकून एकदम सोवळं झालं. पारावर रोज चौकशी व्हायची. “आबा, आज कोरड्यास कशाचं? वाळवीचं का मुंगळ्याचं?” आबा हसायचे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. त्यांची मुलगी कमळ दारात बसून ऐकायची. आबा कुठे चुकले तर तीच दुरुस्त करायची.

मग कमळला फलटणकडचं स्थळ आलं. ऊस, विहीर, मुलगा सातवी पास. गावात कॉलेजात गेलेला मी एकटाच, म्हणून बैठकीत मलाही बसवलं. सांगलीच्या कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसतो, हे पाहुण्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पाहुणे यायच्या आधी आबांच्या मंडळींनी त्यांना चुलीपाशी गाठलं. “आवं, आफ्रिकेचं काय बी सांगा. पर त्ये खाल्ल्यालं तेवढं पोटातच ठिवा. पोरीच्या जन्माचा सवाल हाय.”

फलटणपर्यंत आमच्या गावाची जीभ आधीच पोहोचली होती. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सुपारी कातरत, अगदी सहज विचारलं, “तिकडं पावसात अडकला हुता म्हणं तुमी. मग खाल्लं काय?”

बैठकीतले सगळे एकदम आढ्याकडे बघू लागले. आढ्यात काही नव्हतं.

“भाकरी,” आबा म्हणाले.

“भाकरी? तिकडं?”

“पीठ हुतं लॉरीत.”

“कोण तरी म्हातारी हुती म्हणं. काळी. तिनं कायबाय खाऊ घातलं म्हणत्यात लोक.”

मी आबांकडे बघितलं. आबांनी धोतराचा सोगा उगाच नीट केला. “लोकांचं काय. कुणी म्हातारी नव्हती,” ते म्हणाले.

सुपारी फुटली. ज्यांनी चुगली फलटणला नेली होती, त्यांनीच सगळ्यांत मोठ्या तोंडाने पेढे खाल्ले. आतून कमळ बाहेर आली, वाकून सगळ्यांच्या पाया पडली. आबांच्या पाया पडताना तिने वर बघितलं नाही.

लग्नानंतर आबा पारावर येत, बसत, विड्या ओढत. आफ्रिका मात्र निघत नसे. पोरांनी डिवचलं तरी नाही. गाव जरा हिरमुसलं. फुकटची करमणूक गेली.

आखाडात कमळ माहेराला आली. जावई पोचवायला आले होते. संध्याकाळी सर येऊन गेली, कंदिलाभोवती वाळवीची पाखरं जमली. मी ओसरीवरच होतो. जावई उमदा पोरगा. आबांच्या जवळ सरकून बसला.

“मामा, हिनं मला समदं सांगितलंय. लग्नाच्या आधीच ऐकलं हुतं, तवापासनं तुमाला इचारायचं हुतं. त्या म्हातारीचं सांगा की. लय मोठ्या मनाची बाई.”

कमळने मान वर करून वडिलांकडे पाहिलं. मला वाटलं, आता पाऊस कोसळणार.

आबा उठले.

“कुठली म्हातारी?” ते म्हणाले, आणि कंदील उचलून आत गेले.

आम्ही तिघे अंधारात बसून राहिलो. पाखरं त्यांच्यामागून आत गेली.