बिशप एवोदियस पाण्यात उतरतो

एवोदियस बिशप झाला तो पुण्याईने नव्हे, खोकल्यामुळे. विंदोरा गावात दोन तट होते. दोघांनाही आपापला माणूस गादीवर बसवायचा होता, आणि दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: हा खोकणारा जमीनदार फार तर एक हिवाळा काढील. तोवर डोकी फुटायची तरी थांबतील. म्हणून त्याला घरातून ओढत नेऊन डोकं भादरलं आणि अंगावर झगा चढवला. एवोदियसने गादीवर बसताच खोकणं सोडून दिलं.

पण बिशपने बायकोला बहीण मानावं असा धर्मसभेचा नियम. पहिल्याच सकाळी त्याने चाचरत हाक मारली, "पेलागियाताई, न्याहारी झाली का?"

"ताई कुणाला म्हणता?" आतून आवाज आला. "चार पोरं झाल्यावर सुचलं होय! या मुकाट्याने, पाव गार होतोय."

कोठाराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, त्या तिथेच राहिल्या. कारभार ती बघायची, प्रार्थना बिशपच्या हाताखालचा डीकन प्रिस्कुस म्हणायचा. उरलेल्या वेळात बिशपने करायचं काय? त्याने पुस्तक लिहायला घेतलं.

विषय होता गावचा संत फ्लोरिडस. त्याची हाडं वेदीखाली आहेत, एवढीच त्याच्याबद्दलची खात्रीची माहिती. असा चरित्रनायक मिळायला नशीब लागतं. तो कशालाच नाही म्हणत नाही. एवोदियसने त्याला कच्च्या कोबीवर ठेवलं, दगडावर झोपवलं, बर्फातून अनवाणी हिंडवलं. स्वतः मात्र शेकोटीपाशी बसून, डुकराच्या भाजलेल्या मांडीचे लचके तोडत लिहीत होता. मध्येच बातमी आली की शेजारच्या बिशपने आपल्या संताकडून वणवा विझवून घेतलाय. एवोदियसच्या पोटात दुखलं. लगेच एक प्रकरण वाढलं: लिगेर नदीला पूर आला, फ्लोरिडस पाण्यात उतरला, नदी शरमून माघारी गेली. आणि आपलंही वजन राहावं म्हणून शेवटी एक ओळ: 'त्याच्या गादीवर जो बसेल, त्याचंही पाणी ऐकेल.'

संताच्या सणाला पुस्तक वाचून दाखवलं. बायका डोळे पुसत होत्या. एवोदियस स्वतःही रडला. इतकं छान आपण लिहिलंय हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात लिगेर फुगली. खालच्या आळीतली चांभारांची घरं माळ्यापर्यंत बुडाली. लोक टेकडी चढून बिशपच्या दारात आले. पुढे होती लेउबा, कातडी कमावणारी विधवा, आवाजाने खणखणीत.

"बाबा, चला. नदीला सांगा."

"अगं, ते संत होते," एवोदियस म्हणाला. "मी पापी माणूस."

"पण गादी तीच ना? पाणी ऐकेल असं पुस्तकात लिहिलंय. की पुस्तक खोटं आहे?"

एवोदियसने डीकनकडे पाहिलं. वर्षानुवर्षं गादी रिकामी होण्याची वाट बघणारा प्रिस्कुस भक्तिभावाने म्हणाला, "महाराज, जोडे मी धरतो."

मग काय करतो! अनवाणी, दात वाजवत, बिशप टेकडी उतरला. मागे स्तोत्रं म्हणत अख्खं गाव. गुडघाभर पाण्यात त्याने हात उंचावून नदीला मागे जायला सांगितलं. नदी कमरेपर्यंत आली. पुढचं पाऊल टाकलं तसा पाय निसटला, झगा फुगला आणि धर्मपिता कोंबडीच्या खुराड्यामागून वाहत निघाले. लेउबाने होडी घालून गळपट्टा धरला आणि त्याला आपल्या माळ्यावर ओढून घेतलं.

माळ्यावर चार कुटुंबं दाटीने बसली होती. खायला भिजलेलं जवस होतं, तेही मूठमूठ. एवोदियसला त्यांनी कच्च्या कातड्यात गुंडाळलं. त्या वासाने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, की मुलांकडे बघून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"लेउबा," तो हळूच म्हणाला, "नदीचं ते मी बनवून लिहिलं होतं."

"ठाऊक आहे की."

"मग मला कशाला उतरवलंस?"

"धान्य द्या म्हणून दोनदा माणूस पाठवला. तुमच्या डीकनने हाकलला. म्हटलं, निदान बिशपला तरी खाली आणू. एकदा बघेल तरी."

 हातातलं मूठभर जवस एवोदियसने शेजारच्या पोरीला दिलं.

दुसऱ्या दिवशी तो होडीतून परतला तो कोठार उघडण्याचं थोर भाषण मनात जुळवत. कोठार कधीच उघडलं होतं. बाह्या सारून पेलागिया गहू मोजून देत होती.

"आलात? बरं झालं. पोतं धरा."

त्याने पोतं धरलं.

पाणी ओसरल्यावर प्रिस्कुसने चमत्कार जाहीर केला: बिशप उतरला म्हणून नदी थांबली! एवोदियसने हट्टाने नवं पुस्तक लिहिलं, आपल्या वाहून जाण्यासकट, सगळं खरं. त्याची एकही प्रत कुणी करून घेतली नाही. पहिलं पुस्तक मात्र तीन शहरांनी मागून नेलं. लेउबाने नवं ऐकलं आणि नाक मुरडलं.

"यात आम्ही फारच भुकेले दिसतो, बाबा. जुनंच बरं."

प्रिस्कुस त्या वसंतात पडशाने गेला; जोडे धरून तोही ओल्यात उभा होता ना! एवोदियस पुढे पुष्कळ जगला. पुढल्या हिवाळ्यात नदी चढायला लागली, तेव्हा कुणी बोलवायच्या आत तो गव्हाची होडी घेऊन खालच्या आळीत हजर झाला.

"आज पायी नाही का, बाबा?" लेउबाने माळ्यावरून विचारलं.

"पोहता येत नाही, बाई. घे, हे आधी वर ओढ."