स्टरर थांबायचा तेव्हा

मुरबाडच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा आईने सगळ्या बुद्धवाड्यात पेढे वाटले. मुलगी इंजिनियर झाली याचा तिला आनंद होताच, पण ती रोज संध्याकाळी घरी येणार याचा जास्त होता. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. किन्हवलीहून जीपने सरळगाव, तिथून मिळेल ती एसटी. जीपवाल्याने कितीही कोंबलं तरी मी हसतच उतरायचे, आणि मी काही हसऱ्या स्वभावाची नाही.

कारखान्यात माणसाच्या उंचीची एक टाकी होती. तिच्यातलं द्रावण आणि पिठासारखी बारीक काळी भुकटी एक स्टरर सतत ढवळत असे. आत पांढऱ्या नळ्या उभ्या होत्या, त्यांना मेम्ब्रेन म्हणत. पंप त्यांतून स्वच्छ द्रावण ओढून घेई आणि भुकटी टाकीतच राही. निदान तशी राहायला हवी होती. प्रत्यक्षात ती नळ्यांवर थापली जाई आणि थोड्याच दिवसांत नळ्या चोंदत. माझं काम ती टाकी कॉम्प्युटरवर उभी करायचं. प्रवाह कुठे जोराचा, कुठे मंद, भुकटी कुठे बसेल, हे गणिताने काढायचं.

गणित म्हणे, नळ्या चोंदणार नाहीत. टाकी म्हणे, चोंदणार. मी पात्यांचा कोन बदलून पाहिला, वेग बदलून पाहिला, भुकटी आणखी बारीक धरून पाहिली. पडद्यावर नळ्यांभोवती प्रवाह खळाळत असे, आणि टाकी उघडली की नळ्यांवर काळा चिखल. टाकीवरचे ऑपरेटर माझ्या मामाच्या वयाचे. त्यांना रोज विचारायचे, "काल काही वेगळं झालं का?"

"नाय मॅडम, काय वेगळं नाय. रोजच्यासारखंच."

माणूस सरळ होता, खोटं बोलत नव्हता.

शेवटी मुंबईहून मोठे साहेब आले आणि प्रयोग बंद करून गेले. टाकी कापून भंगारात निघाली. माझी बदली बडोद्याच्या कारखान्यात झाली. निघताना आई म्हणाली, "जा गो. माझं काय, मी हाय इथंच." तिने डोळ्यांत पाणी आणलं नाही याचा मला रागच आला.

बडोद्याला तशीच टाकी, तशाच नळ्या, माझंच गणित. नळ्या स्वच्छ राहिल्या. लोकांनी कौतुक केलं, आणि मी मात्र धुसफुसत होते. इथे जे खरं ठरलं ते मुरबाडला का ठरू नये? हेच डोक्यात घेऊन संध्याकाळी आईला फोन लावला.

"काय विशेष?"

"काय नाय. रोजच्यासारखंच."

मागे टीव्हीचा आवाज नव्हता, पंख्याची घरघरही नव्हती.

"लाइट गेलीय का?"

"या टायमाला लाइट असते कधी? त्यात काय विशेष!"

बडोद्याला लाइट जात नसे, मुरबाडला मात्र रोज लोडशेडिंग असे. लाइट गेली की छोटा जनरेटर लागे. त्यावर दिवे, माझा कॉम्प्युटर आणि तो पंप चाले. स्टररची मोटर मोठी, जनरेटरला झेपत नसे, म्हणून ती लाइट येईपर्यंत थांबे. ढवळणं बंद आणि ओढणं चालू. भुकटी नळ्यांवर थापली जाणार नाही तर काय होणार! कुणी काही लपवलं नव्हतं. ऑपरेटरना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण लाइट जाणं ही आमच्याकडे सांगायची गोष्टच नव्हती, म्हणून ती गणितातही आली नाही. तेवढा वेळ पंप बंद ठेवला असता तरी टाकी वाचली असती, आणि मी किन्हवलीत राहिले असते. फार हळहळ वाटली. अजून वाटते.

"ठेवू का गो?" आईने विचारलं.

"थांब. जेवलीस का?"

"दुपारचा भात हाय. खाईन."

"रोज दुपारचाच खातेस?"

"एकटीसाठी परत चूल कोन पेटवतंय? तू गेल्यापासून सांजची पेटवतच नाय मी. त्यात काय विशेष!"