खासदारांचे रुसवे काढणारे काका

“आधी मानपान सांभाळा, मतं मंग जुळतात,” असं म्हणत आमचे काका कोणत्याही खासदाराच्या दारात चप्पल काढून आत शिरत. दिल्लीत चप्पल कोणी काढत नाही, त्यामुळे समोरचा तिथेच अर्धा विरघळे. लग्नं जुळवणारा असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या काकांनी ती विद्या संसदेत नेली होती.

ते अकोल्याचे, आमच्या खासदारसाहेबांचे स्वीय सहायक; सगळं कार्यालय त्यांना काकाच म्हणे. मी अमरावतीचा, त्याच कार्यालयात टंकलेखक. साहेबांनी निरनिराळ्या पक्षांतल्या परंपरावादी खासदारांचा गट बांधायला घेतला होता. मागणी एकच: आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्नाची नोंदणी होऊ नये. तसं निवेदन सरकारला द्यायचं होतं; त्यावर सह्या गोळा करायचं काम काकांचं.

मागणीवर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं पहिली सही कोणाची यावर. दोन ज्येष्ठ खासदार नवरदेवाच्या मामांसारखे रुसून बसले.

“नावं गोल लिव,” काका मला म्हणाले. “पंगत गोल बसली का पहिलं पान कोनाचं, हे कोनालेच समजत नाही.”

मी कॅन्टीनच्या ताटलीभोवती पेन्सिल फिरवली. दोघांनीही मुकाट्याने सह्या केल्या. नावं वाचताना मात्र मला कागद गरागरा फिरवावा लागे.

निवेदन द्यायच्या आठवड्यातच काकांना लेकीचा फोन आला. मुलगा बार्शीटाकळीचा, बौद्ध घरातला, शिक्षक. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं होतं.

“मले इचारलं नाही, सांगतलं,” एवढंच काका बोलले. साहेब म्हणाले, आधी हे लग्न मोडून या. काकाही त्याच रागात निघाले.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. मुलाच्या घरी त्याचे थोरले चुलते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मुलीकडून कोणी बोलायला आलं नाही, मग ही कसली सोयरीक, असं त्यांचं म्हणणं. रुसलेला माणूस दिसला की काकांना राहवत नसे. त्यांनी जवळ बसून समजूत काढली, हाताला धरून चहाला आणलं, हातावर साखर ठेवली. आपण लग्न मोडायला आलो होतो, हे त्यांना चहा संपल्यावर आठवलं.

साहेबांनी काकांना काढून टाकलं. त्यांच्या जागी आलेला माणूस रुसलेल्या खासदारांना ई-मेल पाठवी. महिनाभरात गट फुटला. मलाही काकांवाचून करमेना. शेवटी साहेबांनीच मला फोन लावायला सांगितलं.

“काका, या ना परत. इथं सगळे रुसलेत.”

“सवड नाही बाप्पा. पोरीच्या घरी चाललो.”

“म्हणजे राग गेला?”



“राग हाय ना. तिनं मले इचाराले पायजे होतं. पन ते तिलेच जाऊन सांगतो. खासदारायच्या हातून काहून सांगू?”