जॅकवेलमधला रेग्युलेटर

शामराव दोरीला धरून वर आले, तोंडातला रबरी तुकडा काढून टाकला आणि पायरीवर बसून खोकत राहिले. डोळे लाल, नाकातून पाणी. खोकला थांबल्यावर मला म्हणाले, "मॅडम, ह्यातनं पाणी येतंय. हवा येती, पण संगं पाणी बी येतंय."

वर उभे असलेले आमचे चीफ इंजिनिअर माने साहेब म्हणाले, "पाण्यात गेल्यावर पाणी येणारच की. भ्यालाय गडी."

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर होते. नदीचं पाणी ज्या विहिरीतून पंपानं उचलतात तिला आम्ही जॅकवेल म्हणतो. तिच्या तळाशी, पाणी आत येतं तिथं लोखंडी जाळी असते. त्या वर्षीच्या पुरानं जाळीवर जलपर्णी आणि गोणपाटं गच्च बसवली होती. पाणी नाही तर बॉयलर नाही, आणि बॉयलर नाही तर ऊस गाळपाचा सीझन नाही. दसरा होऊन गेलेला, सीझन तोंडावर आलेला.

खाली उतरून जाळी साफ करणारा माणूस एकच, शामराव. मुरगूडकडचे, वय चाळिशीचं, नदीत वाढलेले. कारखान्यानंच त्यांना मुंबईला पाठवून स्कूबाचं, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्याचं, ट्रेनिंग दिलेलं. नोकरी मात्र हंगामी. माने साहेबांनी तिथंच सुनावलं, "उद्या उतरला नाही तर घरी. दुसरा बघतो." शामरावांची नोकरी जाणार हे वाईट होतंच. पण दुसरा जो कोण येईल, तोही हाच रेग्युलेटर तोंडात धरून उतरणार होता. मला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

रेग्युलेटर म्हणजे काय ते आधी सांगते. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, पण प्रचंड दाबानं कोंबलेली. ती तशीच तोंडात घेतली तर माणूस फुटेल. घरच्या गॅसच्या रेग्युलेटरसारखंच काम, फक्त दोन टप्प्यांत. पहिला भाग सिलिंडरच्या तोंडावर बसतो आणि दाब बराच खाली आणतो. दुसरा भाग दातात धरायचा. ओढलं की हवा येते, सोडलं की थांबते. सोडलेला श्वास खालच्या बाजूच्या रबराच्या पातळ चकतीतून बाहेर जातो. हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. तो हवा बाहेर जाऊ देतो, पाणी आत येऊ देत नाही.

हा रेग्युलेटर निवडला मीच होता. पर्चेसवाल्यांना सर्वांत स्वस्त हवा होता. मी भांडून दुसरा घ्यायला लावला, कारण त्याचा पहिला भाग सीलबंद होता. आमच्या नदीचं पाणी म्हणजे पावसाळ्यानंतर निम्मा गाळ. तो आतल्या स्प्रिंगवर बसला की संपलं. शिवाय याची सर्व्हिसिंग मुंबईत होत होती, त्या स्वस्ताच्या दुरुस्तीचं कुणी नाव घेत नव्हतं. त्यामुळे साहेब आता मला म्हणाले, "जाधव मॅडम, तुमच्याच हट्टानं आणलेला माल." खरं सांगायचं तर मला राग आला.

काळजी घेण्यातही मी कसूर केली नव्हती. वापरल्यावर स्वच्छ पाण्यात धुवायचा, धुताना हवा सोडायचं पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत शिरतं. पहिल्या भागाचं टोपण कोरडं करून लावायचं. सावलीत वाळवायचा, हवेचा होज पाइप मुडपून टांगायचा नाही. हे सगळं मी स्वतः बघत होते. मग पाणी येतंय कुठून?

आधी तोंडातला रबरी तुकडा बघितला. त्याला चीर असली तर पाणी येतं. चीर नव्हती, तरी नवा बसवला. मग पुढचं झाकण काढून आतला रबरी पडदा बघितला. धड होता. सिलिंडर जोडून बादलीत बुडवला, बटण दाबलं. बुडबुड्यांचा नुसता जल्लोष. शेवटी वर्कशॉपमागच्या हौदात मी स्वतः तोंड बुडवून श्वास घेतला. बराच वेळ घेतला. पाण्याचा थेंब नाही.

माने साहेब बघत होते. "झालं समाधान? मशीन ओके, माणूस नॉट ओके."

दुसऱ्या दिवशी सकाळी शामराव मुकाट्यानं उतरले. पंप बंद, दोरीचं टोक माझ्या हातात. थोड्या वेळानं दोरीला जोरजोरात हिसके आले. वर ओढले तेव्हा परत तेच, खोकला आणि लाल डोळे.

आता माझं डोकंच चालेना. वस्तू एक, पाणी एक. माझ्या तोंडात कोरडी आणि यांच्या तोंडात गळती? क्षणभर मलाही वाटलं, साहेब म्हणतात ते खरं तर नसेल? शामरावांच्या ते ध्यानात आलं असावं. ते म्हणाले, "मॅडम, तुमास्नी बी खोटं वाटाय लागलं व्हय?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. "शामराव, उतरल्या उतरल्या येतं का?"

"न्हाय की. नुसतं बसलो तर न्हाय येत. जाळी वढाय लागलो, दम लागला, की मग येतंय."

"दम लागल्यावर श्वास कसा सोडता? दाखवा बरं."

त्यांनी चूल फुंकावी तसा जोरात फुंकला. मी हौदात तोंड बुडवून देवघरात बसल्यासारखी हळूहळू श्वास घेत होते. इथंच फरक होता.

रेग्युलेटर वर्कशॉपमध्ये आणला. सिलिंडर बंद ठेवून ओढलं. रेग्युलेटर धड असेल तर अशा वेळी काहीच येत नाही, गाल आत जातात. काहीच आलं नाही. मग शामरावांसारखा जोरात फुंकला आणि परत ओढला. हवा आली. सिलिंडर बंद असताना हवा आली, म्हणजे ती बाहेरून आली. पाण्याखाली तिथूनच पाणी येणार.

एक्झॉस्टचं आवरण काढलं. रबराच्या चकतीच्या कडेला एक तांदळाचा दाणा होता. लाल.

मी तो तळहातावर घेतला तरी मला उलगडेना. नदीत लाल तांदूळ कुठला? शामरावांनी वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अक्षता हायत ह्या. खंडेनवमीच्या."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं मांडून पूजा होते. पान्यांपासून लेथपर्यंत सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. रेग्युलेटरही मांडला होता, तोंड वर करून. दाणा तिथून आत पडला. हळू श्वासाला तो आत पडून राही. जोरात फुंकलं की चकतीखाली जाऊन अडके, आणि फट पडे. पाण्याखाली तोच दाणा घशात गेला असता तर काय झालं असतं, हे मनात येऊन गेलं.

माने साहेब आले. मी दाणा दाखवला, प्रकार सांगितला. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "पूजेला अक्षता कुणी टाकल्या?"

पूजेचा मान चीफ इंजिनिअरचा असतो. साहेबांनीच सोवळं नेसून मूठ मूठ टाकल्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही आठवलं असणार, कारण पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

सगळं धुऊन, तपासून आम्ही परत जॅकवेलवर गेलो. उतरायच्या आधी शामरावांनी रेग्युलेटर साहेबांपुढे धरला. "सायेब, एकदा वढून बघा की."

सिलिंडर बंदच होता. साहेबांनी रुमालानं पुसून तोंडात धरला, जोरात फुंकला आणि ओढला. गाल आत गेले. अजून जोर लावला. डोळे मोठे झाले. घाईनं तोंडातून काढून म्हणाले, "हवा येत नाही हो."

"यायलाच नको, साहेब," मी म्हटलं. "म्हणजे पाणीही येणार नाही."

साहेब दोनतीन श्वास घेत तसेच उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी स्वतःच्या हातानं शामरावांच्या सिलिंडरची चावी उघडली. म्हणाले, "हवा येती का बघा, शामराव." शामरावांना 'बघा' म्हणताना साहेबांना मी पहिल्यांदा ऐकलं.

जाळी दुपारपर्यंत मोकळी झाली, सीझन वेळेवर लागला. त्यानंतर दर खेपेला उतरण्याआधी सिलिंडर बंद ठेवून जोरात फुंकायचं आणि ओढून बघायचं, हा आमचा नियम झाला. रेग्युलेटर कुठला घ्यावा असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. मी सांगते, सर्व्हिसिंग जवळ मिळेल तो घ्या. आणि खाली उतरलेला माणूस पाणी येतंय म्हणाला, तर आधी पाणी येतंय असं धरून चाला.